तारेचे पीळ कोण मोजतो?

अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर साकीनाक्यापासून असल्फ्यापर्यंत रद्दी, पुठ्ठा आणि भंगाराची गोदामे आहेत. तसाच धंदा कुर्ला, जोगेश्वरी आणि मानखुर्दच्या मंडाळ्यातही चालतो. मुंबईच्या उपनगरांतल्या लाखो घरांत आणि दुकानांत रिकामे झालेले खोके या गोदामांत येते, निवडले जाते, दाबले जाते आणि गाठ होऊन ट्रकवर चढते. त्यातला बराच माल वापीच्या कागद गिरण्यांकडे जातो. या धंद्याबद्दल बोलणे निघाले की प्रेस किती टनांचा, मोटर किती अश्वशक्तीची, पुठ्ठ्याचा भाव काय, हेच विचारले जाते. गाठ कोणत्या तारेने बांधली, त्या तारेच्या टोकाची कडी कशी वळली, तिला किती पीळ दिले, हे कोणी विचारत नाही. प्रेस मात्र गाठ फक्त काही मिनिटे धरतो. प्रेसचे दार उघडल्यापासून वापीच्या गिरणीत ती कापली जाईपर्यंत तिचा सगळा भार तारेवर असतो, आणि तारेत सर्वांत नाजूक जागा कडीची असते. ही कडी बांधणाऱ्याच्या हातावर आणि अंदाजावर सोडणे चूक आहे, ती आधीच यंत्रावर, मोजून पीळ देऊन तयार ठेवायला हवी, असे मला वाटते. चाऱ्याच्या गाठीही अशाच तारेने बांधतात, म्हणून जनावर, कामगार आणि गिरणी या तिघांच्याही हिताच्या दृष्टीने ते आवश्यक आहे.

गाठ बांधायचीच कशाला, इथून सुरुवात केली तर तारेचे महत्त्व नीट कळते. सुके गवत मोकळे रचले तर एका घनमीटरमध्ये साधारण ६५ किलो मावते. दाबून बांधले तर तेच १५० किलोपर्यंत जाते. ट्रकचा हौदा ३५ घनमीटरचा धरला, तर मोकळे गवत सव्वादोन टनांच्या आसपास भरेल आणि गाठी सव्वापाच टन. डिझेल तेवढेच, ड्रायव्हर तोच, टोल तोच. पुठ्ठ्याचे गणित याहून तीव्र आहे, कारण न चेपलेल्या खोक्यात बहुतांश हवा असते. म्हणजे या धंद्यातला नफा हवा बाहेर काढण्यात आहे, आणि काढलेली हवा परत आत शिरू न देण्याचे काम तारेचे आहे. गवत काय, पुठ्ठा काय, दाब काढला की फुगू पाहतो. समजा, एका गाठीचा बाहेर पडण्याचा जोर ६०० किलोइतका आहे आणि तिला चार तारा आहेत. प्रत्येक तार गाठीभोवती फिरते, म्हणून ती जोर दोन बाजूंनी पेलते. आठ पदरांत ६०० किलो वाटले की पदराला ७५ किलो येतात. आता त्यातली एक तार दोन बोटे लांब बांधली गेली. ती सैल राहते, काहीच उचलत नाही, आणि उरलेल्या सहा पदरांवर शंभर-शंभर किलो जातात. दोन सैल राहिल्या तर दीडशे. त्यात खड्ड्यात ट्रक आदळला की क्षणभर हा आकडा आणखी वर जातो. एक तार सुटली की तिचा वाटा शेजारणीवर पडतो, म्हणून गाठ फुटते तेव्हा सहसा एकच तार तुटून काम भागत नाही.

गाठीसाठी वापरतात ती काळी, मऊ तार. लोखंडाची सळी साच्यातून ओढत ओढत बारीक केली की ती कडक आणि ठिसूळ होते. मग तिला भट्टीत तापवून हळू थंड करतात, तिचा ताठरपणा जातो आणि अंगावर काळा थर चढतो. अशी तार हाताने वळते आणि वळलेली राहते. १२ गेजची तार २.६४ मिलिमीटर जाडीची असते. मऊ लोखंडाची ताकद दर चौरस मिलिमीटरला चाळीस किलोच्या आसपास धरली, तर ती सव्वादोनशे किलोच्या आत-बाहेर तुटेल. १० गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची तार सव्वातीनशेच्याही पुढे जाईल. वरच्या हिशेबातल्या शंभर-दीडशे किलोंसाठी ही तार पुरेशी आहे. तार पुरते, पण कडी पुरत नाही, हे या विषयाचे मर्म आहे. तारेचे टोक मागे वळवून तिच्याच अंगाभोवती गुंडाळले की कडी होते. ती उघडू न देणारे बळ केवळ घर्षणाचे. खुंट्याभोवती दोराचे वेढे वाढवले की पकड कशी वाढते, याचे गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडले. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने ओढ साडेसहा पटींनी कमी होते, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पटींनी, तीन वेढ्यांनी २८५ पटींनी. मऊ तार खुंट्यासारखी ताठ नसते, ती स्वतःही वाकते, म्हणून प्रत्यक्षात एवढा लाभ मिळत नाही. पण चढ कसा आहे ते या आकड्यांतून दिसते. दीड पीळ आणि तीन पीळ यांत दुपटीचा फरक नाही, त्याहून कितीतरी मोठा आहे. आणि पीळ वाढवत नेले की उलटा धोका सुरू होतो. प्रत्येक पिळाबरोबर तार त्या जागी पुन्हा कडक होत जाते आणि शेवटी तडकते. कमी पिळांची कडी घसरून उघडते, जास्त पिळांची मुळाशी मोडते. मधली योग्य जागा दोन-तीन पिळांच्या अंतराची आहे, आणि दुपारी चार वाजता शंभरावी गाठ बांधणाऱ्या थकलेल्या हाताने ती प्रत्येक वेळी अचूक गाठावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

हे काम करणारे साधन फार गुंतागुंतीचे नाही. त्याचा एक प्रकार आगाऊ कड्या तयार करून ठेवण्यासाठी असतो. एका बाजूला फिरता आकडा, दुसऱ्या बाजूला तार धरणारा जबडा. मोजून कापलेल्या तारेचे टोक आकड्याभोवती वळवायचे, दोन्ही पदर जबड्यात धरायचे आणि हँडल फिरवायचे. पीळ पडताना तार आखूड होत जाते, म्हणून आकड्याच्या मागे स्प्रिंग ठेवावी लागते, नाहीतर तार ताणली जाऊन पीळ विरळ पडतात किंवा तुटते. हँडलच्या चाकाला ४८ दाते आणि आकड्याच्या चाकाला १२ असतील, तर हँडलच्या एका फेऱ्यात चार पीळ पडतात. तिथे अडथळ्याची खीळ बसवली की पाचवा पीळ देताच येत नाही. जबड्याजवळच छोटी पाती बसवली तर उरलेले टोक अंगालगत कापले जाते आणि बोटात शिरणारा काटा राहत नाही. दुसरा प्रकार गाठीवरच तारेची दोन टोके जोडण्यासाठी. तिथे तारेची दोन्ही टोके गाठीत अडकलेली, ती फिरवता येत नाहीत, म्हणून पीळ मधूनच द्यावा लागतो. त्यासाठी वापरतात ते दंतचक्र कडेपासून मध्यापर्यंत चिरलेले असते. दोन्ही पदर त्या चिरेत बसवायचे. चीर ते फिरवणाऱ्या चाकासमोर आली की दाते निसटतील, म्हणून त्याला एकाऐवजी दोन चाके फिरवतात. एकाची पकड सुटते तेव्हा दुसऱ्याची असते. या रचनेत मला सर्वांत देखणी वाटते ती एक गोष्ट. चीर पुन्हा तोंडाशी आल्याखेरीज तार बाहेर निघत नाही. म्हणजे अर्धवट पीळ देऊन काम उरकता येत नाही, पूर्ण फेरे झालेच पाहिजेत. मोजण्याची जबाबदारी माणसाच्या स्मरणावर नाही, लोखंडाच्या आकारावर आहे.

उपनगरांत गाठ बांधायचा धंदा रद्दीपासून सुरू झाला नाही. त्याच्या कितीतरी आधी इथे गवताच्या गाठी येत होत्या. मुंबईला दूध पुरवणारे तबेले अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड या पट्ट्यात पसरले आणि त्यांचा सुका चारा जुन्या ठाणे जिल्ह्यातून येत असे. वसई, वाडा, भिवंडी, पालघर, डहाणू, उंबरगाव इथल्या माळांवर पावसाळ्यानंतर गवत कापायचे, वखारीत रचायचे, दाबून गाठी करायच्या आणि मुंबईकडे धाडायच्या, असा हा व्यवहार. १९४९मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि १९५१मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहरात विखुरलेल्या म्हशी एका जागी, स्वच्छ गोठ्यांत आणण्याची ती कल्पना दारा खुरोडी यांची. त्यांना पुढे १९६३मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,३०० हेक्टर जमीन आणि सोळा हजारांच्या आसपास म्हशी. शेणाच्या पाण्यावर तिथे पॅरा गवत वाढवले जाई, पण हिरव्या चाऱ्यावर म्हशीचे भागत नाही, सुके गवत आणि पेंढा बाहेरूनच आणावा लागतो. एवढ्या जनावरांचे रवंथ बांधलेल्या गाठींवर चालते, तेव्हा गाठ बांधणारी वस्तू गव्हाणीत जाणार की नाही हा प्रश्न काल्पनिक राहत नाही.

गाय-म्हैस जिभेने चारा ओढते आणि फारसे न चावता गिळते. नंतर निवांत बसून रवंथ करते. तोंडात आलेला तारेचा तुकडा ओळखून बाजूला काढण्याची सोय निसर्गाने तिला दिलेली नाही. जड वस्तू पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. हा कप्पा श्वासपटलाला लागून असतो आणि पलीकडे हृदय असते. कप्पा आकुंचन पावला की टोकदार तार त्याच्या भिंतीत घुसते, कधी श्वासपटल भेदून हृदयाभोवतीच्या आवरणापर्यंत पोहोचते. म्हैस खाणे सोडते, दूध आटते, पाठ वाकवून उभी राहते, गळ्याखाली सूज येते. पशुवैद्यकांना हा आजार नवा नाही. म्हशींतील श्वासपटलाच्या हर्नियावर भारतीय पशुशल्यविशारदांनी जे विपुल काम केले आहे, त्यामागे गिळलेल्या तारा आणि खिळे हे एक मोठे कारण आहे. पाश्चात्त्य देशांत अनेक गोपालक जनावराला बोटाएवढे चुंबक गिळायला देतात, ते जाळीदार कप्प्यात राहून लोखंड धरून ठेवते. हा उपाय चांगला आहे, पण तो तार पोटात गेल्यानंतरचा आहे. तार पोटात जाते कुठून, याचे उत्तर गाठीच्या कडीजवळ सापडते. जागच्या जागी हाताने कडी वळताना वाढीव टोक पक्कडीने कापून टाकतात. ते दोन-चार सेंटिमीटरचे तुकडे तिथेच गवतात पडतात. तबेल्यात गाठ उघडताना गुंतलेला पीळ सुटत नाही, म्हणून तार दोन ठिकाणी कापली जाते आणि आणखी एक तुकडा सुटा होतो. कडी आधीच तयार असेल तर बांधताना कापण्यासारखे काही उरत नाही. उघडताना कडीलगत एक घाव घातला की पूर्ण तार एका लांबीत ओढून निघते. मग साधा नियम करता येतो. गाठीला चार तारा असतील तर उघडल्यावर चार तारा खिळ्याला टांगलेल्या दिसल्या पाहिजेत, आणि तीन दिसल्या तर ते गवत गव्हाणीत टाकायचे नाही. तुकडे मोजता येत नाहीत, अख्ख्या तारा मोजता येतात.

यावर सर्वांत सबळ हरकत अशी की तारच कशाला, सुतळी वापरा. इतिहास या हरकतीच्या बाजूने आहे. अमेरिकेत १८७०च्या दशकात गहू कापून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली ती तार वापरणारी होती. थोड्याच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. तारेचे तुकडे धान्यात येतात, पिठाच्या गिरणीत जातात, जनावरांच्या पोटात सापडतात. १८७८च्या सुमारास जॉन ॲपलबी याने सुतळीची गाठ मारणारी यंत्रणा सिद्ध केली आणि पेंढ्यांच्या बाबतीत तारेचा जमाना झपाट्याने संपला. गवताच्या लहान, हलक्या गाठींसाठी तागाची सुतळी पुरत असेल तर तिथे तारेचा आग्रह मी धरणार नाही. सुतळी चुकून पोटात गेली तरी भोसकत नाही. पण ती ताग असली पाहिजे. बाजारात स्वस्त म्हणून मिळणारी प्लॅस्टिकची दोरी पोटात कुजत नाही, साठत जाते, आणि शहरांतल्या गाईंच्या पोटांतून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांनी ते पुरेसे दाखवले आहे. शिवाय दाट दाबलेल्या गाठीला सुतळी पुरत नाही, पावसाळ्यात वखारीत ओलावली की ती कमजोर होते, आणि वाहतुकीचा खर्च वाढत गेला तशी गाठ दाट करण्याकडे ओढ वाढतच गेली. अमेरिकेतही सुतळीने पेंढी जिंकली, पण दाबलेल्या गवताच्या जड गाठींसाठी एका टोकाला कडी वळलेल्या तयार तारा पुढची कित्येक दशके विकल्या जात होत्या. म्हणजे सुतळीची हरकत माझ्या म्हणण्याची हद्द ठरवते, म्हणणे खोडत नाही. जिथे तार राहणारच आहे, तिथली कडी मोजलेली हवी.

पुठ्ठ्याच्या बाबतीत तार राहणार आहे आणि राहायलाही हवी, असे मला वाटते. इथली पर्यायी वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी. ती हलकी आहे, गंजत नाही, हाताला कापत नाही, म्हणून आकर्षक वाटते. पण गाठ जिथे पोहोचते तिथून पाहिले तर चित्र बदलते. कागद गिरणीत रद्दी एका मोठ्या हौदात पाण्याबरोबर घुसळली जाते आणि तिचा लगदा होतो. या भोवऱ्यात मुद्दाम एक जाड दोर सोडलेला असतो, त्याला रॅगर म्हणतात. चुकून राहिलेल्या तारा, चिंध्या, दोऱ्या त्याच्याभोवती गुंडाळल्या जातात आणि तो जाडजूड वेटोळा हळूहळू वर ओढून काढतात. अख्खी तार या दोराला सहज लागते. लहान तुकडा लागत नाही, तो तळाशी जातो, पंप आणि चाळण्यांना घासतो. लोखंड असल्याने चुंबकाने त्याला पकडता तरी येते. प्लॅस्टिकचे बारीक तुकडे मात्र लगद्याबरोबर वाहत जातात आणि त्यांना पकडणारे चुंबक नाही. कापसाच्या व्यवहारात भारतीय गाठींतल्या प्लॅस्टिकच्या धाग्यांमुळे सूतगिरण्यांनी वर्षानुवर्षे काढलेल्या तक्रारी याच जातीच्या आहेत. शिवाय गिरणीत निघालेली तार पुन्हा भंगारात विकली जाते, वितळते, पुन्हा तार होते. प्लॅस्टिकची वापरलेली पट्टी इतक्या सहजपणे परतत नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या गाठीसाठी तारच बरी, आणि ती अख्खी निघावी म्हणून कडी नीट हवी.

कामगाराच्या हाताचा मुद्दा मी मागे ठेवला, कारण तो सर्वांत जास्त गृहीत धरला जातो. ताणलेली तार सुटते तेव्हा ती सरळ खाली पडत नाही, ज्या बाजूला ताण होता तिकडे उसळते. तिचे टोक नुकतेच कापलेले, म्हणजे धारदार असते. ट्रकवर तिसऱ्या थरात उभा राहून गाठी रचणारा हमाल गाठीला उचलण्यासाठी तारेतच बोटे घालतो. धरायला दुसरे काही नसते. त्याच क्षणी कडी उघडली तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. हातमोजे, चष्मे, बूट यांचा उपयोग आहेच, पण ते सुटलेल्या तारेपासून वाचवतात, तार सुटू नये याची व्यवस्था करत नाहीत. कायद्याची मदत इथे तोकडी पडते. १९४८च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी कामगारांची किमान संख्या दहा ठरवली होती, आणि उपनगरांतली बहुतेक गोदामे अशा मर्यादांच्या खालीच राहतात. निरीक्षक येणार नाही, अपघाताची नोंद होणार नाही, जखमेवर फडके बांधून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येणार. अशा ठिकाणी सुरक्षितता नियमपुस्तकातून येण्याची वाट पाहण्यापेक्षा ती साधनातच असणे अधिक भरवशाचे.

पण साधन आले की ते कोणाच्या फायद्याचे असते, ही शंका कोणी घेतली तर मी ती उडवून लावणार नाही. गवताच्या गाठींच्या धंद्यानेच ती शंका घ्यायला शिकवले आहे. ठाणे जिल्ह्यातले ते गवत कापणारे हात वारली आदिवासींचे होते. जमीनदार आणि गवताचे व्यापारी यांच्याकडे काटा होता, प्रेस होता, मुंबईच्या भावाची खबर होती. वारल्याकडे विळा होता, आणि कर्जापोटीची वेठ. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात झरी इथे वेठ बंद करण्याचा निर्धार झाला, आणि पावसाळा सरल्यावर, गवत कापणीच्या ऐन हंगामात, डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या आदिवासींनी संप केला. नेतृत्व शामराव आणि गोदावरी परुळेकरांचे होते. मागणी अगदी नेमकी होती. ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. ऑक्टोबर १९४५मध्ये तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे चौघे मारले गेले. या संपाची आणि त्या भागातल्या जागृतीची हकिगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे, त्या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट मागणीच्या स्वरूपात आहे. वारल्यांनी मालकाचे माप नाकारले नाही, त्यांनी ते आपल्या हातात घेतले. जो माल पौंडांत विकला जातो त्याची मजुरीही पौंडांत सांगा, असा त्या मागणीचा अर्थ होता. तोवर माप फक्त विकण्यासाठी होते, त्या दिवसापासून ते मागण्यासाठीही झाले.

त्यामुळे कडीचे यंत्र आले की बांधणाऱ्याची गरज संपेल का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की ते यंत्र कुठे ठेवले जाते आणि मजुरी कशावर मोजली जाते यावर ते अवलंबून आहे. हाताने चालणारे हे साधन माणूस कमी करत नाही. गाठ भरणे, तारा घालणे, बांधणे, उचलणे ही कामे तशीच राहतात. कमी होतो तो मनगटावरचा पीळ, दिवसाकाठी शेकडो वेळा होणारा. आणि मजुरी गाठीवर ठरलेली असेल, तर वाचलेला वेळ बांधणाऱ्याच्या पदरात पडतो. मजुरी दिवसावर असेल तर तो मालकाच्या पदरात पडतो. इथे वारल्यांच्या मागणीचा धडा थेट लागू होतो. उपनगरांत या प्रयोगासाठी योग्य जागाही आहेत. महापालिकेची सुका कचरा निवडण्याची केंद्रे आहेत. १९७५पासून काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ या उपक्रमातून कचरावेचक स्त्रियांना संघटित केले आणि अशा केंद्रांच्या कामात आणले. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची अपेक्षा व्यक्त केली. या स्त्रिया निवडलेला माल सुटा विकतात तेव्हा भाव मधल्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर असतो. मालाची नीट बांधलेली, वाटेत न फुटणारी गाठ करता आली तर गिरणीशी किंवा मोठ्या व्यापाऱ्याशी थेट बोलण्याची शक्यता तयार होते. त्यासाठी छोटा उभा प्रेस लागतो, आणि त्याच्या शेजारी कड्या वळण्याचे साधन. पक्कडीने जाड तार पिळण्यासाठी मनगटात जो जोर लागतो, तो लांब हँडल असलेल्या यंत्राला लागत नाही. ज्या कामातून आजवर ताकदीच्या नावाखाली बायकांना बाजूला ठेवले गेले, त्यातले एक काम अशाने त्यांच्या आवाक्यात येते.

पूर्ण स्वयंचलित प्रेस आले की हा सगळा खटाटोप कालबाह्य होईल, असेही म्हणता येईल. मोठे आडवे प्रेस वेटोळ्यातली तार स्वतः ओढतात, गाठीभोवती फिरवतात, पिळतात आणि कापतात. पण त्यांना लाखो रुपये लागतात, थ्री-फेज वीज लागते, आणि मुख्य म्हणजे दिवसभर अखंड येणारा माल लागतो. साकीनाक्याच्या अरुंद गाळ्यात यातले काहीच नसते, आणि जागेच्या भाड्याने ते तिथे कधी येईल असे दिसत नाही. शिवाय स्वयंचलित प्रेसचे उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. तो प्रेस बनवणाऱ्या अभियंत्यांनी पीळ माणसाच्या अंदाजावर ठेवला नाही. तिथे पिळांची संख्या ठरलेली असते, कारण ती ठरवल्याशिवाय गाठ विश्वासार्ह होत नाही हे त्यांना माहीत आहे. जी शिस्त लाखोंच्या यंत्रात आवश्यक मानली जाते, ती हातप्रेसवर बांधलेल्या गाठीला मात्र लागू नाही, असे मानण्याचे काहीही कारण नाही. हाताच्या साधनात तिचा खर्च किती? दोन-तीन दंतचक्रे, एक आकडा, एक जबडा, स्प्रिंग, पाती आणि लोखंडी पाया. अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीत किंवा भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यांत लेथ आणि मिलिंग मशीन असलेल्या कोणत्याही कारागिराच्या क्षमतेतले हे काम आहे. मुलुंडच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना दंतचक्रे कापायला शिकवताना ती नमुना म्हणून कापून टाकून देण्यापेक्षा अशा साधनाचे भाग म्हणून कापता येतील.

शेवटची हरकत व्यापाऱ्यांची असते आणि ती खरी असते. गिरणी भाव देते तो पुठ्ठ्याच्या प्रतीवर आणि ओलाव्यावर, कडीवर नाही. मग यासाठी पैसे कोण मोजणार? आज कोणीच मोजत नाही, कारण फुटलेल्या गाठीची किंमत वेगवेगळ्या खिशांतून जाते आणि कोणाच्याच वहीत एकत्र येत नाही. ट्रकवर पुन्हा बांधणीची मजुरी हमालाच्या वेळेतून जाते, भिजलेल्या सुट्या मालाची तूट व्यापाऱ्याच्या वजनातून, चाळण्यांची झीज गिरणीच्या देखभालीतून, आणि जखम झालेल्याचा दिवस त्याच्याच घरातून. हा खर्च एका जागी दिसावा असा सर्वांत सोपा मार्ग खरेदीच्या करारात आहे. गाठीचे वजन, ओलावा, प्रत यांच्या जोडीला तारांची संख्या, गेज आणि कडीचे पीळ लिहायचे. कचरा संकलनाची कंत्राटे देणाऱ्या महापालिकेला आणि आरेसारख्या ठिकाणी चारा खरेदी करणाऱ्या संस्थांना हे उद्या सकाळी करता येण्याजोगे आहे. निविदेत एक ओळ वाढते. तपासणीही सोपी आहे. दहा गाठींमागे एका तारेची कडी कापून घ्यायची, वजनकाट्याच्या आकड्याला लावून दोनशे किलोंपर्यंत ओढायची, आणि ती घसरली की तेवढा सगळा माल परत करायचा.